रात्रीचा रकाना

सभा सहाची होती.
गाई उशिरा परतल्या, म्हणून साडेसातला सुरू झाली.
मुर्माननं शाळेच्या शेगडीत आणखी एक ओंडका सारला
आणि पोरांच्याच बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन,
अकरा घरं बसली.

मी सांगितलं: बातुमी. एक मुक्काम.
मार्शुत्का पहाटे पाचला, पुलापाशी.
एक स्वेटर, एक टॉवेल, मोज्यांचे दोन जोड,
उलटीसाठी पिशव्या,
एंगुरीच्या कडेनं किती वळणं, ते तुम्हाला मी काय सांगू.
सुरी नको. (हे त्सोत्नेच्या बापाकडं बघून.)
कुब्दारी माणशी एक.
दारेजान, एक म्हणजे एक.

कुणी विचारलं, समुद्राला कठडा असतो का.
कुणी विचारलं, खिडक्या कितव्या मजल्यावर.
म्हाताऱ्या एतेरनं विचारलं, तिथं रात्री आवाज कसला येतो?
पाण्याचा, म्हटलं.
आपल्या नदीसारखा?
मला धड सांगता येईना.
नदी निघून चाललेली असते.
ते पाणी तिथंच येरझाऱ्या घालतं,
दवाखान्याबाहेरच्या माणसासारखं.

मग कागद वाटले.
वर नाव, औषधं, सही,
आणि खाली मी हातानं आखलेला एक रकाना:
रात्री तुमचं मूल कसं असतं?
आधी हसले.
मग इतकी शांतता झाली
की ओंडक्यातला ओलावा सुसकारताना ऐकू आला.

घरी येऊन एकेक वाचला.
दात खातो.
दार बोटभर उघडं लागतं.
झोपेत स्वान भाषेत बोलते, जागेपणी लाजते.
मेल्यासारखा झोपतो. (हे खोडून) ओंडक्यासारखा.
आणि एक, चार घड्या घातलेला:
अंथरूण ओलं करतो. कुणाला कळू देऊ नका,
त्याच्या बहिणीला तर मुळीच.
मी मेणकापड काढून ठेवलं.
चहा सांडायची मला सवयच आहे,
हे पोरांना आधीपासून ठाऊक आहे. बरं झालं.

ग्वांत्साचा कागद आला नाही.
तिसऱ्या दिवशी बेझान कुंपणापाशी उभा,
टोपी हातात, जणू फी थकलीय.
म्हणाला, मला माहीत नाही, बाई.
गोठ्यात जातो तेव्हा झोपलेली असते,
येतो तेव्हाही.
तिच्या आईला फोनवर विचारलं.
आई इटलीत, बारी गावात,
एका परक्या म्हातारीच्या उशाशी.
कुठल्या कुशीवर वळवायचं, पाणी किती वाजता,
तिथलं सगळं तिला पाठ आहे.
ती म्हणाली, डाव्या कुशीवर.
माझी वेणी मुठीत धरून.
मग बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, पण हे पाच वर्षांपूर्वीचं.

तेच लिहू का? बेझाननं विचारलं.
लिहा, म्हटलं. बाजूला साल घाला.
त्यानं कुंपणाच्या खांबावर कागद ठेवून लिहिलं,
खांब खडबडीत, अक्षरं थरथरली.
मुलीलाच विचारायचं होतंत, मी म्हणाले.
तो म्हणाला, झोपलेल्या माणसाला काय विचारणार?

निघायच्या आदल्या दिवशी ग्वांत्सा फळा पुसत थांबली.
रात्री थोडं जागं राहिलं तर चालेल?
कशाला?
आईला समुद्र ऐकवायचाय. फोनवर.
अगं, तिच्या तिथंही आहे समुद्र.
माहितीये, ती म्हणाली,
तिला तिथला ऐकायला वेळ नसतो.
आणि राहिलेला अर्धा फळा
तसाच टाकून गेली.

मी अकरा घरांना पुन्हा निरोप धाडला:
यादीत एक वाढवा, चार्जर.
दारेजानचा लगेच उलट निरोप,
मग कुब्दारी दोन चालतील का?